उचलणारा झोपला होता

माझं काम दोन मशीनांच्या मधल्या जागेचं आहे. कोणी विचारलं तर मी "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगतो, कारण त्यापुढचं ऐकायला सहसा कोणी थांबत नाही. इथे मात्र पुढचं सांगावं लागेल. आमच्या गावातल्या एका माणसाचं घर याच जागेपायी सुटलं.

एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरं मशीन चालवता येतं. आतल्या मशीनला वाटतं की आपण खरेच आहोत, आपल्याला आपली डिस्क आहे, आपली नेटवर्कची तार आहे. प्रत्यक्षात त्याच्याकडे काही नसतं. त्याला जे काही बाहेर पाठवायचं असेल ते बाहेरच्या मशीनच्या हाती द्यावं लागतं. इंग्रजीत आतल्याला गेस्ट म्हणतात आणि बाहेरच्याला होस्ट. देवाणघेवाणीसाठी मेमरीचा एक तुकडा दोघांत सामाईक ठेवतात. त्यात ठरावीक घरं असतात, समजा दोनशे छपन्न, आणि शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिलं घर येतं. म्हणून तिला रिंग म्हणतात. एक भरत जातो, दुसरा उचलत जातो. मी वीसेक वर्षं या रिंगांवर काम करतो. आधी पुण्यात राहून केलं, आता गावातल्या घरी बसून करतो.

यातली खरी अडचण भरण्या-उचलण्याची नसते, हाक मारण्याची असते. आमच्या भागातल्या माणसाला ती टोमॅटोच्या तोडणीवरून लगेच कळेल. बाया कॅरेट भरून बांधावर ठेवतात आणि टेम्पोवाला उचलून गाडीत रचतो. तो बांधावरच असेल तर प्रत्येक कॅरेटला त्याला फोन करायची गरज नसते. चाळीस कॅरेटं रचून झाली की तो बांधाकडे एकदा बघतो, काही नसलं तर सांगतो, "मी चहाला चाललो. एक्केचाळिसावं भरलं की मिस्ड कॉल द्या." आता त्याचं बघून झालंय पण सांगून व्हायचंय, एवढ्या अवधीत एखादीने एक्केचाळिसावं ठेवलं तर? तो इथेच आहे असं समजून ती फोन करत नाही. त्याने मागितलेला क्षण येऊन गेलेला असतो. बेचाळिसाव्याला, त्रेचाळिसाव्याला फोन करायला त्याने सांगितलेलंच नसतं. कॅरेटं उन्हात साठत राहतात, तो चहाच्या टपरीवर बसून राहतो, आणि दोघांनीही काही चुकवलेलं नसतं.

यावर उपाय एका ओळीचा आहे. सांगून झाल्यावर, निघण्याआधी, पुन्हा एकदा बांधाकडे बघायचं. माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे शिकवलेलं असतं आणि तरीही दर काही वर्षांनी कोणीतरी ती ओळ विसरतं.

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवर आहे, चहूबाजूंनी ऊस. उसात बिबट्या असतो. लोक त्याला वाघच म्हणतात. तीन वर्षांपूर्वी गावाने समिती करून उसाच्या कडेने चार खांबांवर कॅमेरे बसवून घेतले. बाहेरच्या एका छोट्या कंपनीने सगळं उभं केलं. ग्रामपंचायतीशेजारच्या खोलीत एक कॉम्प्युटर, त्याच्या पोटात दुसरं मशीन. आतलं मशीन कॅमेऱ्यांचे फोटो बघायचं आणि हलणारं मोठं काही दिसलं की ते फोटो बाहेरच्याला द्यायचं. बाहेरचं मशीन ते पडद्यावर दाखवायचं आणि राखणदाराच्या मोबाईलवर रिंग द्यायचं. राखणदाराने फोटो बघून भोंगा दाबायचा. मध्ये माणूस ठेवला, कारण पहिल्या महिन्यात कुत्र्यांना आणि एकदा घोंगडी पांघरलेल्या एका म्हाताऱ्याला बघूनही भोंगा वाजला होता.

दुपारनंतरच्या पाळीचा राखणदार माझ्या शेजारचा, माझ्याच वयाचा. गाव त्याला नाना म्हणायचं. पूर्वी टेम्पो चालवायचा. टेम्पो उलटून खुबा मोडला, तेव्हापासून एक पाय ओढत चालायचा. लग्न त्याआधीच मोडलं होतं. थोरल्या भावाच्या घरी, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहायचा. भावाने ठेवून घेतलं होतं, पण ठेवून घेतल्याचं तो विसरू देत नसे. नानाला हे काम लागलं तेव्हा पारावर सगळ्यांदेखत भाऊ म्हणाला, "खुर्चीत बसायचा पगार याला. आमाला उभ्यानं मरायला बी सवड न्हाई."

नाना हसला होता. पण त्यानंतर तो इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जायला लागला.

थंडीचे दिवस होते, दिवस मावळायच्या बेताला आला होता. नानाची वहिनी तिसऱ्या खांबाजवळ म्हशींसाठी घास कापत होती. बिबट्या उसातून मागून आला. त्याने मान धरायला झेप घेतली आणि खांदा धरला. शेजारच्या वावरातली माणसं ओरडत धावली तेव्हा त्याने तिला सोडलं. उजवा कान अर्धा गेला होता, खांद्याचं मांस लोंबत होतं. तिला जीपमधून मंचरला नेलं. तिचा नवरा जीपमध्ये मावला नाही, की त्याला मुद्दाम खाली उतरवलं, ते मला नक्की माहीत नाही. तो आणि पंधरा-वीस माणसं तिथून थेट राखणदाराच्या खोलीवर आली. आरडाओरडा ऐकून मीही तिथे पोचलो होतो.

नाना पडद्यासमोर बसून शेंगा खात होता. मांडीवर टरफलं होती. माणसं बघून तो उठला, टरफलं खाली सांडली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

हे दोन शब्द पुढे गावात फार वापरले गेले.

"काय झालं इचारतोय," कोणीतरी म्हणालं. "वाघानं खाल्ली तुजी वैनी, आन तू शेंगा खा."

नाना पडद्याकडे बघत होता. पडद्यावर काही नव्हतं. "रिंगच आली न्हाई," तो म्हणाला. "आईशप्पत. इथंच बसलोय. रिंगच न्हाई आली."

आणि त्याच वेळी टेबलावरचा मोबाईल वाजला.

मला आता त्याचं कारण माहीत आहे. तिसऱ्या खांबाखाली बॅटऱ्या घेऊन जी माणसं गोळा झाली होती, त्यांचेही फोटो आतलं मशीन रिंगमध्ये भरत होतं, कारण हलणारं मोठं काही दिसलं की ते भरायचंच. रिंग पूर्ण भरली, पुढचं घर उरलं नाही, तेव्हा त्याने शेवटचा उपाय म्हणून बाहेरच्याला हाक मारली. बाहेरचं मशीन उठलं आणि साठलेलं सगळं पहिल्यापासून क्रमाने उचलायला लागलं. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

"बघा, बघा," मागून एक जण म्हणाला. "आजून वाजतोय."

पडद्यावर फोटो यायला लागले. उसाच्या कडेला बसलेला बिबट्या. तोच, थोडा पुढे. मग वाकून घास कापणारी बाई, तिची पाठ, आणि मागे तो. या फोटोंच्या कोपऱ्यात वेळ लिहिलेली होती आणि ती हल्ल्याच्या आधीची होती. पहिल्या फोटोपासून झडपेपर्यंत मधे चांगला वेळ गेला होता. भोंगा वाजला असता तर ती घरी आली असती. हे हिशोब करून कोणाला सांगावं लागलं नाही. खोलीतल्या सगळ्यांनी ते वाचलं. मग झडप. मग धावणारी माणसं, आणि तीच माणसं आता इथे उभी राहून स्वतःला धावताना बघत होती. मी पडदा बंद करायला पुढे झालो, तर एकाने माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. त्याला बगू द्या."

भावाने मोबाईल उचलून भिंतीवर आपटला. मग खुर्ची उचलली. त्याला कोणी अडवायच्या आत त्याने ती दोनदा नानाच्या तोंडावर हाणली. नाना खाली बसला तरी एकच वाक्य म्हणत होता, "आत्ता आली. आत्ता आली रिंग."

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष माझ्या घरी आले. ते मला भाऊ म्हणतात आणि कामापुरते येतात.

"भाऊ, तुमच्या लायनीतलं हाय. जरा बगा आन सभेत सांगा. त्याचा भाऊ म्हनतोय, झोपला आसल तर घरात ठेवणार न्हाई. मशीनचा दोष निगाला तर ठेवीन म्हनतोय. आता तुमच्यावर."

"बघतो."

"फकस्त मशीन लई खराब निगू देऊ नका राव. उद्घाटनाचा फोटो आजून माज्या डीपीला हाय."

असं ते सुरू झालं. एक माणूस घरात राहणार की नाही, हे मशीनच्या एका ओळीवर ठरणार होतं, आणि ती ओळ बघणारा तालुक्यात बहुधा मी एकटाच होतो. मला हे योग्य वाटलं, हेही लिहितो. पारावरच्या आरड्याओरड्यापेक्षा हा न्याय मला बरा वाटला.

कंपनीने दिलेला कोड त्या कॉम्प्युटरवर वाचता येईल असाच ठेवलेला होता. बाहेरच्या मशीनचा, उचलणाऱ्याचा भाग मी आधी उघडला. तो झोपण्याआधी रिंगकडे बघत होता, मग "अमुक नंबर आला की उठव" असं लिहीत होता, आणि झोपत होता. लिहिल्यानंतर पुन्हा बघत नव्हता. ओळ नव्हती. मी ती बराच वेळ शोधली, इतर कुठे असेल म्हणून. मग घरच्या मशीनवर तोच कोड चालवला आणि बघणं व लिहिणं यांच्यामध्ये मुद्दाम थोडा वेळ घातला. तो अडकला. रिंग भरेपर्यंत हाक नाही. पुन्हा चालवला, पुन्हा अडकला. त्या कॉम्प्युटरच्या नोंदीही जुळल्या. फोटो रिंगमध्ये कधी आले आणि मोबाईलला रिंग कधी दिली, यांत चाळीस मिनिटांहून जास्त अंतर होतं. असं यापूर्वीही झालं असणार, पण दिवसा माणसं, गुरं, ट्रॅक्टर सतत ये-जा करत असल्याने रिंग लगेच भरत असणार आणि उशीर कोणाच्या ध्यानात येत नसणार.

मी गोठ्यात जाऊन नानाला सांगितलं. त्याचा चेहरा सुजलेला होता, एक डोळा बंद होता. त्याने मला दोनदा सांगायला लावलं.

"म्हंजे सुटलो म्हना की."

"सुटलास."

"तुमी सांगनार ना सभेत? तुमचं ऐकत्यात लोक."

त्याने सभेसाठी शर्ट धुवून वाळत घातला. दाराच्या तारेवर तो मी बघितला.

सभेच्या आदल्या दिवशी मी काय बोलायचं ते जुळवत होतो. इंग्रजी शब्द टाळायचे असं ठरवलं. गेस्ट म्हणजे पाहुणा, हे सोपं होतं. होस्टला यजमान म्हणणार होतो, पण ते सत्यनारायणाच्या पूजेतलं वाटलं. शेवटी मालक हा शब्द घेतला. खरा कॉम्प्युटर त्याच्याच मालकीचा असतो, त्यामुळे अर्थही बरोबर बसत होता. रिंगला मात्र शब्द सापडेना. चकती, वर्तुळ, कडं, एकही चालेना. रिंग लोकांना माहीत आहे म्हणून ती तशीच ठेवली. बायकोला सगळं म्हणून दाखवलं. ती ताट वाढत होती.

"बरोबर असंल," ती म्हणाली. "पण आधी एवढंच सांगा की नाना जागा होता. बाकीचं मग."

मला ते उलटं वाटलं. आधी कारण, मग निष्कर्ष. नाहीतर लोक म्हणतील, शेजारी म्हणून बाजू घेतो.

देवळाच्या सभामंडपात सकाळी सभा भरली. गाव लोटलं होतं. नाना खांबाला टेकून बसला होता. त्याचा भाऊ समोर, दोन्ही हात गुडघ्यांवर. अध्यक्षांनी कंपनीच्या माणसाला फोन लावून स्पीकरवर ठेवला होता. तो फार अदबीने बोलला. "सर, आमच्या सिस्टिममध्ये एकही फोटो लॉस झालेला नाही. सगळे फोटो टाइमासकट आहेत." हे खरंच होतं. एकही फोटो हरवला नव्हता.

मग मला उभं केलं. मी म्हणालो, "मी कोड तपासला. घरी चालवून बघितला. दोष रिंगमध्ये सापडला."

"रिंगमदी," अध्यक्ष म्हणाले. "म्हंजे रिंग गेली व्हती."

"गेली असं नाही. रिंग तिथंच होती. भरलेली होती."

"फुल रिंग?"

"हो, शेवटी पूर्ण भरली."

"म्हंजे फुल रिंग व्हऊन बी उचलली न्हाई."

"उचलली नाही, बरोबर. उचलणारा झोपला होता. पण तो झोपला यात..."

पुढचं वाक्य मी म्हटलं, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही. सभामंडपात एकदम गलका झाला. "आता तज्ज्ञच म्हनतोय!" "शेजारी आसून म्हनतोय, बगा." भाऊ उठला नव्हता, पण त्याने मान वळवून नानाकडे बघितलं. नाना माझ्याकडे बघत होता.

मी हात वर करून ओरडलो, "उचलणारा म्हणजे नाना नव्हे! ऐका! मशीनमध्ये दोघं असतात. एक पाहुणा, एक मालक. पाहुण्याने त्याचं काम केलं होतं. झोपला होता तो मालक!"

आमच्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच गावात जन्मलो.

गलका ओसरला. मग मागच्या रांगेतून एकाने अगदी सरळ आवाजात विचारलं, "मालक झोपल्यालं, मग उसात पावणं कोण आलं व्हतं वैनीकडं?"

आधी दोघे-तिघे हसले, मग सगळे हसले. बायकांच्या बाजूनेही पदर तोंडाला गेले. आणखी एक जण म्हणाला, "पावण्यानं काम क्येलं म्हनं, तज्ज्ञ सांगतोय." ज्या बाईवर हसत होते ती त्या वेळी पुण्याच्या दवाखान्यात खांद्यावर दुसऱ्यांदा टाके घालून घेत होती. हसणाऱ्यांत तिला उचलून जीपमध्ये घालणारेही होते. ती वाईट माणसं नव्हती. त्यांना कित्येक दिवसांत हसायला मिळालं नव्हतं.

भाऊ उभा राहिला. मला वाटलं माझ्या अंगावर येतोय. तो नानाकडे गेला.

"तुला वाचवायला माज्या बायकूची आब्रू काडली व्हय रं?"

"मी कुठं दादा... मी एक शबुद बोललो न्हाई."

"तूच घातला याला. गोठ्यात बसून शिकवून धाडला."

"आवं न्हाई, त्यांनीच मशीन..."

"मालक झोपला व्हता म्हनं. मी! मी झोपलो व्हतो!"

अध्यक्ष मध्ये पडले, भावाला बाजूला घेतलं, सभा संपल्याचं सांगितलं. मी चाळीस मिनिटांच्या अंतराबद्दल बोलत होतो. पुढच्या ओळीत बसलेल्या एका म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि मान हलवली. नंतर कळलं की तो सगळ्यालाच मान हलवतो. समितीच्या कागदावर ठराव लिहिला गेला की तज्ज्ञांच्या मते उचलणारा झोपला होता, सबब राखणदार बदलण्यात यावा. ते वाक्य माझंच होतं. मी त्यावर हरकत घेतली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "तुमी म्हनला न्हाई का असं? म्हनला. मंग?"

मी म्हटलं होतं.

घरी आल्यावर बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. "दुसरा शब्द नव्हता का तुम्हाला?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, चकती म्हणणार होतो. तिने तांब्या खाली ठेवला आणि आत गेली.

त्याच दिवशी भावाने नानाची वळकटी आणि पत्र्याची पेटी रस्त्यावर ठेवली. टाकली नाही, ठेवली, एकावर एक, नीट. नाना ती उचलून महाळुंगे पडवळला बहिणीकडे गेला. एसटीच्या थांब्यापर्यंत पेटी मी धरली. थांब्यावर बसलेल्या दोघांनी त्याला "काय झालं?" असं विचारलं आणि एकमेकांना कोपरं मारली. आठवडाभरात गावात त्याचं नाव "रिंग" पडलं. तो गावात नव्हता तरी ते नाव वापरात राहिलं. सभेला झोपणारा, म्हशीला पाणी पाजायला विसरणारा, कोणालाही लोक "रिंग हाय का रं तू?" म्हणायचे.

मी साध्या शब्दांत एक पान लिहून काढलं. रिंग नाही, पाहुणा नाही, मालक नाही. "राखणदार जागा होता. यंत्राने त्याला उशिरा कळवलं." ते अध्यक्षांना दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं.

"हे सभेत का न्हाई बोलला, राव?"

"हेच बोललो."

"न्हाई न्हाई. हे सोपं हाय." त्यांनी पान घडी करून खिशात घातलं. "आता कशाला उकरायचं? लोक गप झाल्यात."

कंपनीला मी दोष कळवला आणि दुरुस्तीची ओळ लिहून दिली. त्यांनी आभार मानले. पुढच्या अपडेटमध्ये ती ओळ आली. काय बदललं या ठिकाणी त्यांनी "वेग सुधारला" असं लिहिलं होतं. मी घरी पुन्हा तपासून बघितलं, आता अडकत नव्हतं. नानाच्या जागी अध्यक्षांचा पुतण्या बसायला लागला. उन्हाळ्याच्या तोंडाला एका संध्याकाळी दुसऱ्या खांबाजवळ बिबट्या दिसला, रिंग वेळेवर गेली, भोंगा वाजला, माणसं घरात गेली. पुतण्याचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. भाषणात अध्यक्ष म्हणाले की मशीन तेच, फरक माणसाचा. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत बसलो होतो.

वहिनी बरी होऊन घरी आली तेव्हा बायकोबरोबर मीही भेटायला गेलो. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पदर कानावरून घट्ट घेतलेला होता. नवरा वावरात होता, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. यावेळी आधी निष्कर्ष सांगितला. नाना जागा होता.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"कसं काय?" मी विचारलं.

"भाऊजी कदी झोपलं नसतं. रातीच्याला बी झोपत न्हाईत ते, पाय दुकतो. मला दवाखान्यातच ठाव व्हतं."

"मग तुम्ही दादांना सांगा. तुमचं ऐकतील. नानाला परत आणू."

तिने पदर कानावरून आणखी पुढे ओढला.

"नका आणू," ती म्हणाली. "दवाखान्यात आलं व्हतं एकदा भेटायला. माज्या कानाकडं बगून रडत बसलं. तासभर रडलं. म्हनलं, फोटो बगितलं मी वैनी, सगळं बगितलं. मला न्हाई पायजे रोज सकाळी उटून ते तोंड बगायला. त्यांनी काय क्येलं न्हाई, खरं हाय. पर नका आणू."

बायकोने तिच्या हातात केळी दिली आणि आम्ही उठलो.

मी महाळुंगे पडवळला गेलो, कारण जे कळलं ते त्याला कळवायला हवं होतं. नाना बहिणीच्या गोठ्यात शेण भरत होता. पाटी उचलताना पाय आणखी ओढत होता. मला बघून त्याने हात धुतले, बहिणीला चहा टाकायला सांगितलं. मी त्याला क्रमाने सांगितलं. दोष नक्की झाला, कंपनीने मान्य केला, ओळ आली, मशीन आता बरोबर चालतं, वहिनीलाही माहीत आहे की तू झोपला नव्हतास. तिचं पुढचं बोलणं सांगितलं नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं.

"घरी बोलावलंय का?"

"नाही."

"वैनी काय म्हनली?"

"तुला माहीत आहे ना, ती माझ्यासमोर किती बोलणार."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता येत नाही, आणि हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. चहा आला. त्याने बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. स्वतः घेतला नाही.

"भाऊ, एक करा," तो म्हणाला. "परत कुटं माजी बाजू मांडू नका."

मी बरं म्हणालो. तो पाटी घेऊन गोठ्यात गेला.